मिठाच्या बर्फातले रक्त

पुंजाजी अमरावतीच्या एका महाविद्यालयात, जीवरसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ आहेत. एकतीस वर्षांत त्यांच्या हातून एकही नमुना बिघडल्याची नोंद नाही. यंदाच्या एप्रिलमध्ये मात्र चाळीस नमुने बिघडले. ही गोष्ट त्यांच्याखेरीज कुणालाच ठाऊक नव्हती, आणि त्याच नमुन्यांवर उभा असलेला निष्कर्ष दीक्षा ही तरुण संशोधक आता चार दिवसांवर आलेल्या अकोल्याच्या परिषदेत वाचणार होती.

दीक्षाचा प्रश्न शरीराचा होता, तसा न्यायाचाही होता. प्राणवायू शरीराला जगवतो, आणि त्याच कामात काही दाहक रेणू निर्माण होतात. ते पेशींची आवरणे कुरतडतात. त्यांना निष्प्रभ करणारी एन्झाइम शरीर स्वतःच घडवते. वय वाढते तसे हे संरक्षण उणे पडू लागते. पण ते सर्वांचे सारख्याच वेगाने उणे पडते का? चांदूर बाजार तालुक्यातल्या एका गावच्या, चाळीस वर्षे संत्र्याच्या बागांत आणि कपाशीत निंदण केलेल्या चाळीस वृद्ध बाया तिने निवडल्या. त्यांच्यासमोर अमरावतीतल्या त्याच वयाच्या चाळीस निवृत्त शिक्षिका ठेवल्या. दोन्ही गटांच्या रक्तातली झीज मोजली, तेव्हा मजूर बायांची दुपटीहून अधिक निघाली. दीक्षाची आजी याच कामात गेली होती, पुंजाजींची आईही. पिढ्यान्‌पिढ्या नुसते सांगितले गेलेले दुःख आता मोजता आले होते.

त्या आकड्याकडे पुंजाजींना पाहवत नव्हते.

नमुने आणण्याच्या दिवशी वीज नसल्याने बर्फपेटीतल्या पिशव्या गोठल्याच नव्हत्या. त्यांनी चांदूर बाजारच्या एका कुल्फीवाल्याकडून बर्फ घेतला आणि रक्ताच्या नळ्या त्यात थेट खोवल्या. कुल्फीच्या बर्फात मीठ असते, आणि मिठामुळे त्याची थंडी शून्याच्याही खाली उतरते, याचे भान त्यांना राहिले नाही. अमरावतीत पेटी उघडली तेव्हा नळ्यांतले रक्त दगडासारखे कडक झाले होते. अशा रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, त्यांतले लोह बाहेर येते आणि ते लोहच नवी झीज घडवू लागते. शिवाय झीज मोजणाऱ्या चाचणीचा रंग गुलाबी. फुटलेल्या रक्ताची लाली त्यात बेमालूम मिसळते. दीक्षा त्या दिवशी विद्यापीठात गेली होती. पुंजाजींनी रक्त वितळल्यावर वर आलेला लालसर द्रव वेगळा केला, लाली झाकणाऱ्या तपकिरी कुप्यांत भरला आणि वहीत ‘नमुने ठीक’ असे लिहिले.

निवृत्तीला दोन महिने उरलेल्या माणसाला आपला हात चुकू लागला हे कबूल करणे जड जाते. त्याहून जड होते ते असे की ही चूक त्यांच्याच माणसांच्या बाजूने बोलत होती.

सोमवारी दीक्षा तक्ते छापायला निघाली, तेव्हा ते दारात उभे राहिले.

“मॅडम, गावचे नमुने फुटलेले हायेत. माह्या हातून.”

ती हसली. “काका, निवृत्तीआधीच डोकं फिरलं का तुमचं?”

“बर्फात मीठ होतं. नळ्या कडक झाल्या होत्या. मी सांगतलं नाई.”

ती खुर्चीवर बसली. “आणखी कोणाला माहीत आहे?”

“मले. आन् आता तुमाले.”

“मग राहू द्या. यात खोटं काय आहे? त्या बाया झिजल्याच आहेत. तुमची माय झिजली नव्हती?”

“झिजली होती. पन हा आकडा तिचा नाई. हा बर्फाचा हाये.”

“चार वर्षं गेली माझी, काका.”

“उद्या कोनी पुन्हा तपासून पायलं त? मंग आपन खरं सांगू तवाबी कोनी आयकनार नाई.”

दीक्षाने तक्त्यांची गुंडाळी टेबलावर टाकली. “वहीत तुमच्या हातानं लिहा,” ती म्हणाली. “आणि गावात तुम्हीच बोलायचं. मी नाही बोलणार.”

तिचा राग त्या दिवशी उतरला नाही, पुढेही बरेच दिवस नाही. पण अकोल्याला तिने नकार कळवला.

पुढच्या आठवड्यात गावच्या बुद्धविहारात बाया जमल्या. पुंजाजींनी झाले ते सांगितले आणि पुन्हा एकदा रक्त मागितले. सगळ्यांत वयाने मोठ्या माणिकबाई पुढे बसल्या होत्या.

“मंग आमचं रगत फेकलं म्हना.”

“फेकल्यासारखंच, माय.”

“आयका वं बायांनो, सरकारी मानूस चूक कबूल करून राहिला. परत आयकाले भेटनार नाई.” बाया हसल्या. माणिकबाई हसल्या नाहीत. “आन् या डाव आकडा कमी निंगाला त?”

“त कमीच लिहू.”

“म्हंजे आमी आन् त्या मास्तरनी सारख्याच? चाळीस वर्सं उन्हात काहाले काढली मंग?”

नऊ बाया उठून निघून गेल्या. त्यांना थांबवण्याचा अधिकार कुणालाच नव्हता.

माणिकबाईंनी त्यांना जाताना पाहिले. मग बांगड्या वर सारून हात टेबलावर ठेवला.

“कमी निंगो का जास्ती, गावात येऊन सांगजा. नुसतं कागदावर नोका ठेवू.”

पुंजाजींनी सुई उचलली.

“हात कापून राहिला तुमचा,” माणिकबाई म्हणाल्या.

“हो, माय.”

“मंग थांबा थोडं. मी काई पयून नाई चालली.”