दाणे वेचलेला चिवडा

आमच्या भाड्याच्या घराला मागे अंगण आहे, असं मी फोनवर पुण्यात सगळ्यांना सांगायचे. अंगण कसलं डोंबलाचं! कपडे वाळत घालायची दांडी, एसीचं बाहेरचं खोकं, आणि त्यांच्या मधे चार मुलं दाटीवाटीने बसतील एवढी माती. पण टोकियोच्या एदोगावा भागात तळमजल्याला मातीचा तुकडा मिळणं हीसुद्धा चैनच, आणि लेकीचा नववा वाढदिवस मी तिथेच करायचं ठरवलं.

ठरवलं कसलं, दुसरं काही परवडणारच नव्हतं. नवऱ्याचं कॉन्ट्रॅक्ट कंपनीने पुढे वाढवलं नाही, दुसरी नोकरी मिळाली ती कमी पगाराची. कंपनीचा फ्लॅट गेला आणि लेकीची इंडियन स्कूलही सुटली. आमच्या ओळखीच्या मराठी मंडळींत वाढदिवस म्हणजे हॉल, जादूगार, केटरिंग आणि निघताना प्रत्येक मुलाच्या हातात गिफ्टची पिशवी. त्यांना बोलवायचं तर तोलामोलाचं करायला हवं, आणि आपल्याला ते आता जमत नाही हे मला कोणाला कळू द्यायचं नव्हतं. म्हणून त्यांच्यातल्या कोणालाच बोलावलं नाही. बसा म्हटलं घरी.

लेकीला त्याचं काहीच वाटलं नाही. तिला एकच मुलगी यायला हवी होती.

जपानी शाळेत घातल्यापासून लेक मुकी झाली होती. घरी यायची, दप्तर टाकायची आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. आज काय केलंस गं? काही नाही. कोणाबरोबर खेळलीस? कोणी नाही. बाईंना जाऊन भेटले, तर त्या गोड हसून म्हणाल्या, होईल हळूहळू. असे कितीतरी महिने काढले आम्ही. मग एक दिवस शाळेत सफाई चालली होती. इथे वर्ग आणि व्हरांडे मुलंच पुसतात. एका मुलीने आपलं ओलं फडकं हिच्या फडक्याशेजारी लावलं आणि नुसत्या भुवया उडवून विचारलं, शर्यत? दोघी ओणव्या होऊन फडकी ढकलत अख्खा व्हरांडा पळाल्या. बस, एवढंच. त्या संध्याकाळी माझी पोर जेवताना इतकी बडबडली की नवऱ्याचा घास हातातच राहिला. मी बेसिनपाशी जाऊन रडून घेतलं, खोटं कशाला सांगू. ती मुलगी वाढदिवसाला यावी आणि लेकीची मैत्री टिकावी, एवढंच मला हवं होतं. बाकी सगळं गेलं खड्ड्यात.

आमंत्रण दिल्यावर मैत्रिणीची आई स्वतः घरी आली. जवळच्या एका जेवणाच्या डब्यांच्या दुकानात ती काम करायची. दारातच उभी राहून, आधी दहादा माफी मागून तिने सांगितलं की मुलीला शेंगदाणा अजिबात चालत नाही. पोटात कणभर गेला तरी श्वास अडकतो. मी छातीठोकपणे म्हटलं, अजिबात काळजी करू नका, माझी जबाबदारी. तिने एक छोटी पिशवी दाखवली. त्यात पेनासारखं इंजेक्शन होतं, तसाच प्रसंग आला तर मांडीत टोचायचं. कसं ते तिने करून दाखवलं. मी मान डोलावली, पण मनात म्हटलं, वेळच येऊ देणार नाही.

आता मराठी घरातून दाणे हद्दपार करायचे म्हणजे काय चेष्टा आहे? कूट गेलं, दाण्याची चटणी गेली, लाडू गेले, तेलाची बाटली गेली. सगळं मोठ्या सुटकेसमध्ये कोंबून कुलूप लावलं. मिक्सर, ओटा, फडकी, सगळं घासून काढलं. माझी आई तेव्हा पुण्याहून आमच्याकडे राहायला आली होती. ती सोफ्यावर बसून बघत होती.

"बापरे, दाणा चालत नाही? मग खाते तरी काय बिचारी!"

"आई, हसण्यावारी नेऊ नकोस. दाण्याचं काहीही बाहेर काढायचं नाही."

"अगं हो, कळतं मला. एवढी काही मी येडी नाही."

वाढदिवसाच्या दिवशी ऊन छान पडलं होतं. दांडीला कपड्यांऐवजी फुगे बांधले. खाली चटई घातली. खायला घरी केलेला केक, काकडीची सँडविचेस, जेली आणि कलिंगडाच्या फोडी. मैत्रीण आली, आणखी दोघी आल्या. मैत्रिणीच्या आईने ती छोटी पिशवी माझ्या हातात ठेवली, वाकून नमस्कार केला आणि ती कामावर गेली. मी पिशवी स्वयंपाकघरात समोरच टांगली.

आईने लेकीला ओवाळलं. मैत्रीण टक लावून बघत राहिली. मग लेकीच्या कानात कुजबुजली, आणि लेक म्हणाली, "आजी, तिला पण." आईने तिलाही ओवाळलं, कपाळाला कुंकू लावलं, हनुवटीला हात लावून बोटांचा मुका घेतला. दोघी एकमेकींच्या अंगावर रेलून हसत होत्या. मला वाटलं, जिंकलं. हॉलवाल्यांनी यावं आणि बघावं म्हणावं.

मी केक कापायची सुरी आणायला आत गेले. नवरा बशा पुसत होता. बाहेरून खोकला ऐकू आला. आधी एक ठसका, मग थांबेचना. मागोमाग लेकीची किंकाळी.

धावले. मैत्रीण चटईवर बसली होती आणि तिचे ओठ सुजलेले होते. मानेवर लाल गांधी उठल्या होत्या. श्वास घेताना छातीतून शिट्टी वाजत होती. बाकीच्या दोघी भिंतीला चिकटून उभ्या होत्या. "काय खाल्लं?" मी ओरडले. लेकीने बोट दाखवलं. चटईवर एक वाडगा होता आणि वाडग्यात चिवडा.

पेन मीच टोचलं. तिच्या आईने दाखवलं होतं तसंच, मांडीत. नवऱ्याने अँब्युलन्स बोलावली. त्या माणसांनी विचारलं काय खाल्लं, तेव्हा मी तो वाडगाच पुढे केला. तळाशी दाण्यांची लालसर सालं पडलेली होती.

"अगं, पण दाणे काढले होते मी!" आई रडत होती. "एकूण एक वेचला. तुम्ही सकाळी फुगे आणायला गेलात तेव्हा चष्मा लावून बसले होते. ताटं किती उघडीबोडकी दिसत होती गं. चार परक्या पोरी आपल्याकडे जेवायला येणार आणि पुढ्यात काकडी! म्हणून माझ्या बॅगेतला चिवडा काढला. तुझ्या लेकीला आवडतो म्हणून आणला होता."

मी काय बोलायला नको होतं ते सगळं बोलले. परक्या पोरीचा जीव घेतला असतास, म्हटलं. कोणी सांगितलं होतं तुला, म्हटलं. आई पदराने तोंड झाकून बसून राहिली. खरं म्हणजे तिला दुसरं काय सुचणार होतं? आमच्याकडे आयुष्यभर असंच चालत आलंय. कोणाला मिरची नको, मिरची काढून दे. कोणाला दाणा नको, दाणा वेचून दे. वेचून देणं म्हणजे तर लाडच. हे मला आज कळतं, पण त्या दिवशी मला आईचं तोंड बघवत नव्हतं.

मुलगी वाचली. एक रात्र हॉस्पिटलमध्ये ठेवली आणि घरी सोडली. दुसऱ्या दिवशी तिचे आई-वडील आमच्या दारात उभे. हातात मिठाईचा खोका. तुमच्या आनंदाच्या दिवशी आमच्या मुलीमुळे त्रास झाला, म्हणाले, आणि दोघं कमरेत वाकले. तुम्ही वेळेवर इंजेक्शन दिलंत म्हणून आभारही मानले. मीही वाकले, रडले, माफी मागितली. माझं बोलणं पुरं व्हायच्या आत ते पुन्हा वाकले. पुण्यात असते तर त्या बाईने सोसायटी डोक्यावर घेतली असती, माझ्या सात पिढ्या काढल्या असत्या, आणि मला ते परवडलं असतं. हा खोका कसा गिळायचा? तो तसाच फ्रिजवर पडून राहिला.

आई तिकीट बदलून लवकर परत गेली. विमानतळावर म्हणाली, "तुझ्या पोरीला सांग, आजी वेडी आहे म्हणून." मी तिची बॅग ट्रॉलीवर चढवली.

आणि लेक पुन्हा मुकी झाली. शाळेतून एकटी यायची, उशिरा यायची, भिंतीकडे तोंड करून पडायची. मैत्रिणीचं नाव नाही. मी समजून चुकले. दारात वाकून वाकून नमस्कार केले, आणि घरी जाऊन पोरीला बजावलं असणार, त्या इंडियन मुलीच्या वाटेला जाऊ नकोस. मला त्यांचा राग आला. नवऱ्याला म्हटलंसुद्धा, बघ, तोंडावर गोड आणि आतून काय ते. तो म्हणाला, आपली मुलगी असती तर आपण काय केलं असतं? त्यावर मी आणखीच भडकले.

एका संध्याकाळी राहवेना. लेकीच्या शेजारी आडवी झाले. म्हटलं, "बाळा, चूक आजीची होती. तुझी नाही. त्यांना तुझ्याशी तोडायचं असेल तर तोडू दे. दुसरी मिळेल मैत्रीण."

ती भिंतीकडे बघतच म्हणाली, "आई, तिने मला विचारलं होतं."

"काय विचारलं होतं?"

"यात दाणे आहेत का म्हणून. मग मी आजीला विचारलं. आजी म्हणाली, नाहीत. मग मी तिला सांगितलं, नाहीत. खा."

मी तिच्या पाठीवर हात ठेवला. पाठ ताठ होती. विचारलं, "म्हणून ती आता तुझ्याशी बोलत नाही का गं?"

"बोलायला येते ना," लेक म्हणाली. "शाळा सुटली की रोज गेटपाशी माझी वाट बघत थांबते. मीच शाळेच्या मागच्या दाराने येते."