चार हाका

माझा मामा पंधरा वर्षं युद्धनौकेवर होता आणि त्या पंधरा वर्षांत एकही युद्ध झालं नाही. तोफा डागल्या त्या दुसऱ्या जहाजामागून ओढत नेलेल्या कापडी पडद्यावर, आणि त्यातलेही बरेच नेम चुकले. "मग तू तिथं करायचास तरी काय?" असं आम्ही भाचरं विचारायचो.

"गंज खरवडायचो आणि रंग द्यायचो," मामा सांगायचा. "एकीकडचा रंग वाळेपर्यंत दुसरीकडे गंज चढायचा."

खरं तर त्याचं काम होतं टेहळणीचं. त्याची नजर लहानपणापासून जबर. भरतीच्या वेळी डॉक्टरांनी अक्षरांचा तक्ता वाचायला लावला, तर याने शेवटची ओळ वाचून झाल्यावर तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत छापलेलं छापखान्याचं नावही वाचून दाखवलं. जहाजावर त्याचं नाव पडलं घार. दुर्बीण गळ्यात अडकवून चार-चार तास उभं राहायचं, आणि पाण्यावर काही दिसलं की दिशा सांगून मोठ्याने हाक द्यायची. दिसायचं बहुधा काहीच नाही.

खाली झोपायला एकावर एक तीन फळ्या. मामाची मधली. खालच्या फळीवर पाववाला, म्हणजे जहाजाच्या भटारखान्यात दोनशे माणसांचे पाव भाजणारा गडी. तो सगळ्यांच्या आधी उठायचा, उठताना रोज मामाच्या फळीवर डोकं आपटायचा आणि रोज नवी शिवी हासडायचा. मामाची झोप मोडायची म्हणून भरपाईला पावाची गरमागरम कड आणून द्यायचा. मामा मुळात घुम्या, हा अखंड बडबड्या, त्यामुळे दोघांचं छान जमलं. एकाने बोलायचं, दुसऱ्याने चघळायचं. पाववाल्याला एकच धाकटी बहीण होती, शिवणकाम करणारी. आईवडील नव्हते. बहिणीची अक्कल, बहिणीचा राग, बहिणीने उसवून पुन्हा शिवलेली त्याची विजार, सगळं मामाला तोंडपाठ झालं होतं.

एका सकाळी जहाजभर करपल्याचा वास सुटला. भट्टीत पाव तसेच जळत होते आणि पाववाला जागेवर नव्हता. मागच्या डेकवर सालपटांची बादली आडवी पडलेली सापडली. तो कचरा टाकायला गेला होता. कोणी पाहिलं नाही, कोणी ऐकलं नाही.

जहाज मागे वळवलं. शेत नांगरावं तसं पट्ट्यापट्ट्याने पाणी उभंआडवं पालथं घातलं. सगळे टेहळे कठड्याला उभे केले आणि घारीला सगळ्यांत उंच जागा दिली. पहिल्या दिवशी मामाने चार वेळा हाक दिली. चारही वेळा जहाज वळलं, दोनशे माणसं एका बाजूला धावली. पहिल्यांदा मासळीची फुटकी पेटी निघाली, मग नारिंगी डबा, मग लाकडाचा ओंडका. चौथ्यांदा तर नुसती सावली. ड्यूटीवरचा अधिकारी खालून ओरडला, "डोळे आहेत का बटणं? लांडगा आला रे आला चाललंय नुसतं!"

दुसऱ्या दिवशी दुपारी कप्तानाने भोंग्यावरून सांगितलं की शोध थांबवतोय. त्याचा आवाज नेहमीसारखाच होता. संध्याकाळी दुसऱ्या कोणीतरी पाव भाजले, जरा कच्चेच राहिले होते. सगळ्यांनी खाल्ले. मामानेही खाल्ले. मग त्याला पाववाल्याचं कपाट आवरायला सांगितलं. तीन शर्ट, दोन विजारी, दाढीचं सामान, बहिणीची पत्रं, एक न वापरलेला साबण. मामाने यादी केली, पिशवी शिवली आणि वर पत्ता लिहिला.

एवढं आम्हाला ठाऊक होतं, कारण एवढं तो सांगायचा. विचारलं तर सांगायचा, सपाट आवाजात, बसचं वेळापत्रक सांगावं तसं.

नोकरी संपवून तो घरी आला आणि दवाखान्याच्या भांडारात लागला. चादरी, उशांचे अभ्रे, गॉज, दिलं किती, आलं किती. लग्न झालं. मुलगी झाली तेव्हा दाईने तिला त्याच्या हातात दिलं, तर याने विचारलं, "कुठे ठेवू?" माझी आजी, म्हणजे त्याची आई, गेली त्या दिवशी तो सगळं उरकून आला आणि मामी रडत असताना तिच्यासमोर बसून शर्टाला इस्त्री करत राहिला. माणूस वाईट नव्हता. कधी आवाज चढवला नाही, कधी कोणाचं काही अडू दिलं नाही. मामी म्हणायची, "दगडाशी संसार केला असता तर बरं, दगड उन्हात तापतो तरी." हे ती त्याच्यासमोरच म्हणायची आणि तो मान डोलवायचा.

तो त्रेसष्ट वर्षांचा असताना एका रविवारी सकाळी माझ्या दारात येऊन उभा राहिला. "गाडी काढ. एका ठिकाणी जायचंय."

"आजच? असं अचानक?"

"तुला सुट्टी आहे ना आज?"

दुसरं कारण त्याने सांगितलं नाही. पत्ता मात्र घडाघडा सांगितला. छत्तीस वर्षांपूर्वी पिशवीवर लिहिलेला.

पाववाल्याच्या बहिणीचं शिवणाचं दुकान होतं तिथेच होतं. एक खोली, दोन मशिनं, भिंतीला खडूच्या रेघांनी भरलेली कापडं टांगलेली. मशिनवर साठीच्या आसपासची बाई, तोंडात टाचण्या. मामा उंबऱ्यातच थांबला.

"ताई, मी तुमच्या भावाबरोबर जहाजावर होतो. त्याची पिशवी मीच शिवली होती."

बाईने टाचण्या एकेक करून काढल्या. "टाके फार मोठे घातले होते तुम्ही," ती म्हणाली. "बसा."

मामा बसला नाही. उभ्यानेच बोलला, आणि मीही ते पहिल्यांदाच ऐकलं. शोधाच्या पहिल्या दिवशी, चार हाका वाया गेल्यावर, ऊन कलताना त्याला पाचव्यांदा काहीतरी दिसलं होतं. काळा ठिपका. त्याने हाक द्यायला तोंड उघडलं आणि मिटलं. म्हटलं, आधी खात्री करून घेऊ. एक लाट मध्ये आली. ती ओसरली तेव्हा पाणी रिकामं होतं. मग जहाज पट्टा बदलून दुसरीकडे वळलं आणि तो गप्प राहिला. दुसऱ्या दिवशीही गप्प राहिला.

"मी कुणालाच बोललो नाही," मामा म्हणाला. "हसतील म्हणून."

मशिनच्या चाकावर बाईचा हात होता, तो तिथेच राहिला.

"हात हलत होता?"

"दिसला नाही."

"म्हणजे तो नसेलही."

"नसेलही. असेलही."

मला वाटलं आता ती रडेल, नाहीतर आम्हाला हाकलून देईल. तिने यातलं काहीच केलं नाही.

"तेव्हा सांगितलं असतंत तर तुमचं तोंड नसतं पाहिलं जन्मात," ती म्हणाली. "आता कुणावर चिडू? मला त्याचा आवाजसुद्धा आठवत नाही. नुसतं माहीत आहे की एक भाऊ होता." मग मामाकडे बघून तिने विचारलं, "तो काय काय बोलायचा हो?"

मामा तेव्हा बसला. आणि बोलायला लागला. डोकं आपटून दिलेल्या शिव्या गाळून सांगायला लागला, तर ती म्हणाली, गाळू नका. तिचा राग, तिची अक्कल, उसवलेली विजार, सगळं. दोन तास! माझ्या मामाला मी सलग पाच मिनिटंही बोलताना ऐकलं नव्हतं. मध्येच तिने त्याला अडवलं, "विजार नव्हती ती, कोट होता." मामा म्हणाला, "विजारच." यावर दोघांचं चांगलंच जुंपलं.

परत येताना मी विचारलं, "बरं वाटलं?"

त्याने खरंच विचार केला. "नाही."

"मग वाईट?"

"तेही नाही." थोड्या वेळाने म्हणाला, "पुढे सिग्नल आहे, हळू घे."

मामी म्हणते, त्याच्यात काडीचा फरक नाही. चादरींची मोजणी संपली, आता निवृत्त होऊन भिंतीकडे बघत बसतो. पण महिन्यातून एक रविवार तो न सांगता निघतो आणि त्या दुकानात जाऊन बसतो. एकदा मी त्याला आणायला गेले, तर बाई मशिन चालवत होती आणि हा बाकावर मांडीवर कापड घेऊन गुंड्या लावत होता. दोघं बोलत नव्हती. मी आलेलंही त्यांना कळलं नाही.