सासऱ्यांची मोटारसायकल मी दुरुस्त केली

मोटारसायकल थांबत नव्हती म्हणून मी ती गवताच्या गंजीत घातली. मागे सासरे बसले होते.

गाडी मुळात त्यांचीच. माझ्या जन्माआधीची, किक मारणाऱ्याच्या पोटरीवर डूख धरणारी. लग्नानंतर मामांनी (सासऱ्यांना आम्ही मामाच म्हणतो) ती खानापूरहून आमच्या कुंभारवाड्याला पाठवली, पण अट घालून.

"चालती ठेवलीसा तर तुमची. न्हाईतर रामनगरच्या धाकट्या जावयाला देणार."

धाकटा जावई म्हणजे माझा साडू. इस्त्रीचा शर्ट घालतो, स्वतःची स्कूटर रोज पुसतो, आणि सासुरवाडीत त्याचं कौतुक सुरू झालं की माझ्या पोटात दुखतं. गाडी भंगारात गेली तरी चालेल, पण त्याच्याकडे? कदापि नाही!

आणि पावसाळाभर गोठ्यात उभी राहून गाडी नेमकी बंद पडली. अशात मामांचा फोन आला, "येतोय, गाडी बघायला."

मी कार्बोरेटर खोलला. आत जुनं पेट्रोल गुळाच्या पाकासारखं चिकटलेलं. तो धुतला, जेटच्या भोकात फुंकर मारली (थोडं पेट्रोल पोटात गेलं, ते जाऊ दे) आणि परत बसवला. पाय भरून येईपर्यंत किका मारल्यावर गाडी धुरासकट सुरू झाली! आता राहिला थ्रॉटल, म्हणजे वेग वाढवायची मूठ. केबल गंजलेली, मूठ पिळता पिळेना. आमच्याकडे केस, कातडी, कुरकुरणारं दार, सगळ्याला औषध एकच, खोबरेल. बायकोच्या फणीशेजारची बाटली उचलली आणि केबलमध्ये तेल सोडलं.

"काय वो, माझं तेल कुठं चाललं?"

"गाडीला."

"गाडीची येणी घालणार काय?"

दुपारच्या उन्हात मूठ अशी अलगद फिरू लागली की मी स्वतःवरच खूश झालो.

संध्याकाळी मामा आले. दुसऱ्या दिवशी सकाळी परीक्षा. डिसेंबरची थंडी, जंगलातलं धुकं पार अंगणात आलेलं. मूठ जरा जड लागली. थंडीत माझीही बोटं जड होतात, त्यात काय! मामांना मागे बसवलं, गिअर टाकला आणि जोर लावून मूठ पिळली. ती गेली ती थेट शेवटपर्यंत गेली, आणि तिथंच बसली.

"जावईबापू, सावकास!"

"मी सावकासच हाय मामा, गाडी ऐकंना!"

"मग बंद करा की!"

बंद करायची किल्ली सीटखाली डाव्या बाजूला, आणि तिच्यावर मामांचा पाय घट्ट आवळलेला.

"मामा, पाय काढा!"

"काढून ठेवू कुठं?"

क्लच दाबला तर इंजिन असं किंचाळलं की मामांनी माझी मानच धरली. क्लच सोडला तर गाडी उडाली. ब्रेक? (ते मी नंतर दुरुस्त करणार होतो.) रस्त्याला वळण आलं. रस्ता वळला, आम्ही वळलो नाही. समोर शेजाऱ्याच्या खळ्यात भाताच्या गवताची गंजी होती, म्हणून आज हे सांगायला शिल्लक आहे.

बायको अर्धवट विंचरलेल्या केसांनी धावत आली. दोघं धड आहोत हे पाहिल्यावर तिने हातातली खोबरेलाची बाटली माझ्यासमोर उलटी धरली. थेंब पडला नाही.

"थंडीत ह्ये दगड हुतंय. रोज सकाळी चुलीम्होरं ठेवून पातळ करते मी. तुमी बघता नव्हं?"

बघत होतो. रोज बघत होतो! त्याच चुलीसमोर बसून चहा पीत होतो.

मामा मिशीतली गवताची काडी काढत माझ्याकडे बघत होते. गाडी गेली, मी मनात म्हटलं. आता ती रामनगरात रोज पुसली जाणार.

"गाडी तुमच्याकडंच ऱ्हाऊ दे," मामा म्हणाले. "धाकट्याला न्हाई देत."

माझी छाती गवतासकट फुगली. "व्हय मामा?"

"व्हय. दोन लेकी हाईत मला. एकीचा तरी नवरा धड ऱ्हाऊ दे."

अशा रीतीने गाडी कायमची माझी झाली.