तिसरं पोस्टकार्ड

आधीच सांगतो, मी भूतखेत मानणारा माणूस नाही. पंचवटीत पोस्टमन म्हणून आयुष्य गेलं. कुत्र्यांना भ्यायलो, भुतांना कधी नाही. पण १९९८ सालचं हे प्रकरण...

भाजीबाजाराजवळ सरूबाई गजरे विकायच्या. वाचता येत नव्हतं, म्हणून त्यांची पत्रं मीच वाचून दाखवायचो. जावयाने लेकीला रॉकेल ओतून जाळायचा प्रयत्न केला होता, आणि ते डोळ्यांनी पाहिलेल्या सरूबाई एकट्याच. मंगळवारी कोर्टात त्यांची साक्ष होती.

त्याच्या दोन आठवडे आधी घोटीचा शिक्का असलेलं एक कार्ड आलं. खाली नाव नाही. 'साक्ष दिलीस तर गोदावरीत सापडशील.' सरूबाई हातातला दोरा थांबवून माझ्या तोंडाकडे बघत होत्या. त्यांची बहीण घोटीला असायची, म्हणून दिलं ठोकून, "बहीण खुशाल आहे, भात चांगला आलाय." दुसऱ्या कार्डालाही तेच केलं. म्हटलं, म्हातारीला कशाला घोर... डोंबलाची दया!

शनिवारी सकाळी सॉर्टिंगला तिसरं कार्ड माझ्याच हाती लागलं. वाचलं आणि दुसऱ्या कुणी बघायच्या आत पिशवीत टाकलं. दुकानाशी पोचलो, पिशवी अजून उघडलीही नव्हती, तोच सरूबाई म्हणाल्या, "ठाऊक हाय मला. 'सोमवारी घाटावर ये, मग बघतो', आसंच लिवलंय ना?"

शब्द न् शब्द तोच.

"कोणी सांगितलं?"

"काल भागवतदादा आले व्हते. पयली दोन बी त्यांनीच वाचली. म्हणले, घाबरायचं नाय, कार्डं फाडायची नाय. नाव न घालता धमकी लिवली तर कलम पाचशे सात. पोलिसात द्या."

भागवतदादा माझ्या आधी या भागात टपाल वाटायचे. कलमं तोंडपाठ. त्याच्या दोन वर्षं आधी त्यांना खांदा देणाऱ्यांत मीही होतो.

सरूबाईंना हे मी सांगितलं नाही. त्यांना घेऊन सरळ चौकीत गेलो. अक्षरावरून जावयाचा भाऊ सापडला, ५०७ लागलं. मंगळवारी सरूबाई कोर्टात उभ्या राहिल्या आणि सगळं बोलल्या.

तिसऱ्या कार्डावर घोटीचा शिक्का शुक्रवारचा होता. मग त्याच शुक्रवारी ते पंचवटीत वाचलं कोणी?... डोकं खाजवून थकलो.

चौकीतून परतताना सरूबाईंनी विचारलं होतं, "दादांनी वाचलं, मग तुमी का वो नाय वाचलं?"

दादा कसे आले, ते आजही मला सांगता येत नाही. पण सरूबाईंच्या या प्रश्नाचं उत्तर मला तेव्हाही ठाऊक होतं. दयाबिया काही नाही... मी घाबरलो होतो.