कुमुदताई आणि त्यांच्या आगाऊ पेशी

आमच्या लॅबमधल्या गोऱ्या मंडळींना मराठीतला एकच शब्द येत असे, पण तो झाडून सगळ्यांना येत असे. 'आल्या!' मायक्रोस्कोपच्या अंधाऱ्या खोलीतून ही आरोळी आली की हातातलं काम टाकून सगळे तिकडे धावायचे. गॅरेथ नावाचा आमचा वेल्श टेक्निशियन तर कॉफीचा मग घेऊनच धावायचा आणि लॅबमध्ये कॉफी आणली म्हणून दारातच बोलणी खायचा. आत डॉ. कुमुद वानखडे, म्हणजे आमच्या कुमुदताई, उंच स्टुलावर बसून लहान मुलीसारखे पाय हलवत असायच्या. डोळे भिंगाला चिकटलेले. 'आल्या! बघा नं, कशा आल्या!'

आल्या म्हणजे पेशी. जेलीसारख्या एका पातळ थराच्या वर त्या सोडायच्या आणि थर पोखरून खाली किती उतरतात ते बघायचं, हा आमचा रोजचा उद्योग. या पेशी वारेच्या, म्हणजे प्लॅसेंटाच्या. गर्भ रुजतो तेव्हा वारेतल्या काही पेशी आईच्या गर्भाशयाच्या अस्तरात घुसतात, तिच्या रक्तवाहिन्यांपर्यंत पोचतात आणि बाळाला भरपूर रक्त मिळावं म्हणून त्या रुंद करतात. कमी घुसल्या तर बाळ उपाशी राहतं आणि आईचं ब्लडप्रेशर चढतं. जास्त घुसल्या तर आईच्याच जिवावर बेततं. त्या नेमक्या कुठे थांबतात आणि का थांबतात, या एका प्रश्नामागे कुमुदताईंनी सगळी हयात घालवली होती. 'कॅन्सरच्या पेशीही अशाच घुसतात,' त्या म्हणत, 'पण त्या दरोडेखोर. माझ्या पोरी नुसत्या आगाऊ आहेत.'

त्या मूळच्या नागपूरच्या. नवरा भूल देणारा डॉक्टर. इथं रीडिंगच्या हॉस्पिटलात नोकरी लागली म्हणून तो सत्तरच्या दशकात आला आणि त्याच्यामागे या आल्या. इंग्लंडात तीस वर्षं काढूनही बोलण्यातलं नागपूर तसूभर हललेलं नव्हतं. मी भेटले ती दोन हजारच्या दशकाच्या सुरुवातीला. निखिलला, माझ्या नवऱ्याला, पुण्याच्या कंपनीनं रीडिंगला पाठवलं होतं आणि मी एम.एस्सी. होऊन घरात बसले होते. पीएचडीची जागा आहे असं कळलं म्हणून मुलाखतीला गेले. कुमुदताईंनी सर्टिफिकेटांकडे पाहिलंसुद्धा नाही. मला मायक्रोस्कोपपुढे बसवलं आणि विचारलं, 'काय दिसून राहिलं?'

मी पाठ केलेली व्याख्या सुरू केली.

'पुस्तक नको सांगू, पोरी. दिसून काय राहिलं?'

मी पुन्हा पाहिलं आणि घाबरत म्हटलं, 'लग्नाच्या गर्दीत पुढच्या रांगेत जागा पकडायला निघालेल्या मावश्या दिसतायत.'

त्यांनी टेबलावर थाप मारली. 'घेतली तुला!'

रीडिंगच्या मराठी मंडळींमध्ये त्यांच्याबद्दल आदर होता आणि थोडी धास्तीही होती. एका जानेवारीत शाळेच्या हॉलमध्ये हळदीकुंकू होतं. कुणीतरी ताईंना 'स्त्रियांच्या आरोग्याबद्दल दोन शब्द' बोलायला सांगितलं. ताई परातभर चायना ग्रासची दुधी रंगाची जेली आणि वाटीभर डाळिंबाचे दाणे घेऊन आल्या. 'हे आपलं गर्भाशय,' असं म्हणत त्यांनी परात सगळ्यांपुढे धरली आणि एकेक दाणा बोटानं आत दाबायला सुरुवात केली. भरजरी साड्या नेसलेल्या बायका आधी एकमेकींकडे बघायला लागल्या, मग पदर तोंडाला लावून हसायला लागल्या आणि शेवटी परातीभोवती कोंडाळं करून एकीपाठोपाठ एक प्रश्न विचारायला लागल्या. तिळगूळ वाटायचा राहून गेला. जेली मात्र नंतर कुणी खाईना. 'गर्भाशय कसं खायचं?' एकीनं विचारलं. ताईंनी मोठा चमचा भरून स्वतःच सुरुवात केली.

निघताना एक साठीच्या बाई मागे रेंगाळल्या. तरुणपणी आपले तीन गर्भ टिकले नाहीत, हे त्यांनी अगदी हळू आवाजात सांगितलं. पहिल्या वेळी त्यांनी जड बादली उचलली होती. सासूबाई मरेपर्यंत तेच बोलून दाखवत होत्या. ताईंनी त्यांचा हात हातात घेतला.

'बादलीनं काही नाही होत,' त्या म्हणाल्या. 'पपईनं नाही, जिना चढल्यानं नाही. तुमचं काहीच चुकलं नाही, बाई. कोणी सांगितलं नाही का तुम्हाला?'

'नाही हो. कुणीच नाही.'

'मग मी सांगून राहिली. मी आयुष्यभर हेच बघते.'

बाईंनी चमचा उचलला. मग परातीतली उरलेली जेली दोघींनी मिळून संपवली, आणि कशावरून कोण जाणे, त्या बाई हसायला लागल्या त्या थांबेचनात. हॉलची किल्ली घेऊन उभा असलेला केअरटेकर ताटकळला.

पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी मला दिवस गेले. आनंद झाला, पण ताईंना सांगायचं कसं, ते कळेना. प्रयोग ऐन रंगात आलेले, स्कॉलरशिप ठरावीक मुदतीची. बरेच दिवस टाळून शेवटी त्यांच्या ऑफिसात गेले.

'ताई, थोडं बोलायचं होतं.'

'सोडून चालली का?'

'नाही. मी प्रेग्नंट आहे.'

त्यांनी लगेच विचारलं, 'कितवा आठवडा?'

'दहावा.'

'बाप्पा!' त्या ताडकन उठल्या. 'म्हणजे आत्ता! आपण इथं बोलून राहिलो आणि आत्ता चालू आहे!' माझ्या पोटाकडे बोट दाखवून त्या जवळजवळ ओरडल्या, 'आपण प्लास्टिकच्या डब्यात जे बघायला मरमर करतो, ते हिच्या आत आपोआप चालू आहे! काऊन नाही सांगितलं आधी?' आणि माझे दोन्ही हात धरून त्यांनी फायलींच्या कपाटापुढे चक्क फुगडीची गिरकी घेतली. मग दहावा आठवडा आठवून मला एकदम खुर्चीत बसवलं.

गॅरेथनं दार उघडून डोकं आत घातलं. चांगली बातमी आहे की आग लागली आहे, असं त्यानं विचारलं.

मला रडू फुटलं. 'पण पीएचडीचं काय, ताई?'

'ती कुठं पळून राहिली? तिला थांबवता येतं. हे थांबवता येत नाही.' आणि त्याच दुपारी त्या युनिव्हर्सिटीच्या ऑफिसात जाऊन बसल्या आणि माझ्या रजेचं नक्की झाल्याशिवाय उठल्या नाहीत.

पुढे दर सोमवारी मला बातमीपत्र मिळू लागलं. या आठवड्यात पेशी कुठवर पोचल्या असतील, कोणती रक्तवाहिनी उघडली असेल. निखिल क्रिकेटचा स्कोअर विचारतो तसा संध्याकाळी मला विचारायचा, 'काय म्हणतायत आगाऊ मंडळी?'

सातव्या महिन्यात एका सकाळी मला हातमोजे चढेनात. बोटं सुजली होती. मी जोर करत होते, तेवढ्यात ताई शेजारी येऊन उभ्या राहिल्या.

'हात दाखव, अनुजा.' त्या मला कधी नावानं हाक मारत नसत. 'डोकं दुखतं?'

'थोडंसं. स्क्रीनमुळे असेल.'

'डोळ्यांपुढं चमकून राहिलं का?'

मी उत्तर द्यायच्या आत त्यांनी गाडीची किल्ली घेतली होती.

मॅटर्निटी युनिटमधल्या मिडवाइफनं ब्लडप्रेशर घेतलं, पुन्हा घेतलं आणि डॉक्टरला बोलावलं. त्यांचा प्रत्येक शब्द मला कळत होता, आणि तेच वाईट होतं. ज्या आजाराची चित्रं मी रोज बघत होते, तोच मला झाला होता. सगळे बाहेर गेल्यावर मी विचारलं, 'ताई, माझ्या पेशी कमी घुसल्या ना?'

'हो. तसंच दिसून राहिलं.'

'का पण?'

या 'का'वर त्यांनी जगभर व्याख्यानं दिली होती. त्या पलंगाच्या कडेवर बसल्या. 'माहीत नाही गं,' त्या म्हणाल्या. 'खरंच माहीत नाही. माझ्या पोरींनी तुझ्याच वेळी कामचुकारपणा केला. माफ कर त्यांना.'

त्या अवस्थेतही मला हसू आलं. मी हसले म्हणून त्याही हसल्या, आणि मग डोळे पुसायला खिडकीकडे वळल्या.

सिझेरियन करायचं ठरलं. दुसऱ्या दिवशी ताई एका हातात फुलं आणि दुसऱ्या हातात बर्फाचा डबा घेऊन हजर झाल्या. 'फुलं तुझी, डबा वारेचा,' त्यांनी जाहीर केलं. निखिलचा चेहरा आधीच पांढरा पडला होता. तो म्हणाला, 'काकू, ती तुम्ही घरी नेणार?'

'घरी कशाला रे? लॅबमध्ये!'

पण वार संशोधनाला द्यायची का, हे मला विचारायची वेळ आली तेव्हा त्या स्वतः खोलीबाहेर गेल्या. 'मी समोर असले तर तुला नाही म्हणता येणार नाही,' असं म्हणाल्या आणि मिडवाइफला आत पाठवलं. मी हो म्हटलं. फुलं नर्सनं वॉर्डच्या दारातच काढून घेतली होती. डब्याला कुणी हात लावला नाही.

मुलगी झाली. एवढीशी, लालबुंद, मुठी वळलेली. तिला काचेच्या पेटीत ठेवलं. ताई पेटीवर वाकून कितीतरी वेळ बघत राहिल्या. 'आयुष्यभर लॅबच्या इन्क्युबेटरमध्ये डोकावली मी,' त्या कुजबुजल्या, 'पण आतून कोणी जांभई देऊन राहिलेलं पहिल्यांदाच पाहिलं.' त्यांना इतकं हसू यायला लागलं की नर्सनं त्यांना बाहेर पाठवलं.

मुलगी, आमची रेवा, तगली. वाढली. रजा संपवून मी परत गेले तेव्हा माझ्या वारेला एक नंबर मिळाला होता आणि ती दुसऱ्या विद्यार्थ्याकडे सोपवलेली होती. 'आपले आकडे आपण काढायचे नाहीत,' ताईंनी बजावलं होतं. 'प्रबंधात तर नाहीच नाही.' पण एका दुपारी दोघांना एकाच वेळी बघता येईल अशा मायक्रोस्कोपपुढे त्यांनी मला बसवलं. स्लाइडवर काय आहे हे त्यांनी सांगितलं नाही. मला कळलं.

'ही नळी बघ. अरुंद. इथपर्यंत पोचल्याच नाहीत. ही पण. ही पण.' स्लाइड सरकत होती. मला पुढे बघवेना. मग ती एका जागी थांबली. 'आणि ही?'

ती रक्तवाहिनी रुंद, मोकळी होती, आणि तिच्या कडेनं पेशी दाटीवाटीनं बसल्या होत्या.

'एवढ्याच पोचल्या,' ताई म्हणाल्या. 'पण पोचल्या. अशा जितक्या पोचल्या, त्यांच्यावर पोर जगली.'

माझ्या डोळ्यांतल्या पाण्यानं भिंग धूसर झालं.

'रड खुशाल,' त्या म्हणाल्या, 'पण लेन्स पुसून ठेव. गॅरेथ ओरडतो.'

माझी पीएचडी पुरी झाली त्याच वर्षी त्या रिटायर झाल्या. निखिलची नोकरी मिल्टन कीन्सला गेली होती आणि मला तिथून जवळच एका लॅबमध्ये काम मिळालं. ताईंनी आपल्या गोठवलेल्या पेशींचा वाटा मला द्यायचं ठरवलं. कुरिअरवर त्यांचा विश्वास नव्हता. सगळी परवानगी काढून त्या फेब्रुवारीत स्वतः गाडीनं निघाल्या, शेजारी मी, मागे ड्राय आइसचा खोका. त्याचा वायू गाडीत साठू नये म्हणून सगळ्या खिडक्या उघड्या. दोघी मफलर गुंडाळून दात वाजवत होतो आणि दर दोन मिनिटांनी एकमेकींकडे बघून खिदळत होतो.

पेशी माझ्या लॅबमध्ये नीट पोचल्या, फ्रीझरमध्ये गेल्या. मग ताईंनी मला घरी सोडलं. महिन्याभरात त्या नागपूरला जाणार होत्या, सहा महिने तिथे, सहा महिने इथे असा बेत होता. चहाला थांबल्या नाहीत. रेवाचा गालगुच्चा घेतला आणि म्हणाल्या, 'तू पुढचं बघ. आणि काही गंमत दिसली तर लगेच फोन कर, उद्यावर नको टाकू.'

तो बेत तसा पार पडला नाही. त्या नागपूरलाच वारल्या, झोपेत, इथं परत यायच्या आधी.

पण मला घरी सोडून त्या निघाल्या त्या दुपारी मी रेवाला कडेवर घेऊन मागच्या खिडकीत उभी होते. तिथून घराजवळचं राउंडअबाउट, गोल वळसा घालायचा चौक, दिसायचं. ताईंची लाल गाडी त्यावर आली, हात बाहेर काढून त्यांनी आम्हाला टाटा केला आणि भलत्याच रस्त्यानं गेल्या. पाचेक मिनिटांत परत आल्या. पुन्हा टाटा, पुन्हा भलता रस्ता. तिसऱ्यांदा आल्या तेव्हा त्या रस्त्याकडे बघतच नव्हत्या. राउंडअबाउटवर गिरक्या घेत नुसत्या आमच्याकडे बघून हसत होत्या. मागचा व्हॅनवाला हॉर्न वाजवत होता. रेवा टाळ्या पिटत होती. मी खिडकी उघडून ओरडले, 'ताई, डावीकडे! डावीकडे!'

आणि त्या डावीकडे वळल्या.