आवाज बंद करून

पर्वत पाटिया या कापडगिरण्यांच्या भागातल्या खानावळीत रोज दुपारी माझ्यासमोर एक लूमवाले, म्हणजे यंत्रमागावर काम करणारे, काका बसायचे. पाण्याच्या ग्लासला मोबाईल टेकवून ते कोरियन मालिका बघत, तीही आवाज पूर्ण बंद करून. मालिकेतली माणसं बुटक्या टेबलाभोवती जेवायला बसली की मगच काका भाकरी मोडायचे. मालिकेतल्या म्हातारीने कुणाच्या वाटीत काही वाढलं, की काकाही पुरे पुरे म्हणून हात आडवा धरत.

एकदा न राहवून मी विचारलं, "काका, आवाज नको का?"

माझ्या ओठांकडे बघत ते म्हणाले, "लूमच्या खडखडाटात कान गेले. आम्ही तिथं ओठांवरूनच बोलणं ओळखतो."

"पण ही भाषा?"

"भाषा नाही कळत. कोण कुणाला आग्रह करतंय, ते कळतं ना."

तेवढ्यात मालिका थांबली. गावाहून बायकोचा फोन होता. तिच्याकडे साधाच फोन, त्यात चेहरा कुठून दिसणार? काकांनी मोबाईल माझ्या हातात दिला. "ती काय म्हणते, ते माझ्याकडे तोंड करून सांगा."

पलीकडून बाई अहिराणीत म्हणाली, "जेवन व्हयनं का?"

मी तेच शब्द सावकाश ओठांवर आणले. काकांनी फोन परत घेऊन तोंडाशी धरला.

"व्हयनं. सगळासंगे बठीसन जेवनू." म्हणजे, झालं, सगळ्यांसोबत बसून जेवलो.

त्यांच्या ताटात अर्धी भाकरी तशीच होती. फोन ठेवल्यावर पडद्यावर ती मंडळी पुन्हा दिसली. टेबलाभोवती, हातातले घास तसेच धरून, काकांसाठी थांबल्यासारखी.