खबर पोचली काय?

गावंडे सर वर्गात शिरले की हजेरीआधी कोणाच्या तरी पायाच्या अंगठ्यावर खडू टेकवत आणि विचारत, “खबर पोचली काय बे?” पोरगं हसलं की म्हणत, “पोचली. अंगठ्यापासून डोक्यापर्यंत नस शाबूत आहे. बस खाली.” तेल्हाऱ्याजवळच्या आमच्या शाळेत विज्ञान शिकवणारा हा उंच, तिरसट माणूस. पोरांवर त्यांनी कधी हात उचलला नाही. मोठ्या माणसांवर भडकले की मात्र त्यांचे कान लालबुंद होत.

सातवीत त्यांनी आम्हा मुलींना दारापासून फळ्यापर्यंत हात धरून उभं केलं. दारातली मी म्हणजे बोट, फळ्याजवळची सुनीता म्हणजे मेंदू. सरांनी मला कापसाचा पुंजका लावला की मी शेजारणीचा हात दाबायचा, तिने पुढचीचा. शेवटी सुनीता ओरडायची, “बोट!” मग त्यांनी मधल्या एकीला हात सोडायला लावला. सुनीता नुसतीच उभी.

“बोट धड, मेंदूबी धड. मधली नस गेली, खबर खतम,” सर म्हणाले. “आता चटका. चटक्याची खबर मेंदूची वाट पाहत नाही. पाठीच्या कण्यातला मज्जारज्जूच हुकूम सोडते, हात काढ! मेंदूले मागून कळते. म्हणून कोणाचाबी हात आपोआप मागे येते.”

मी ऐटीत म्हणाले, “सर, शेवंतामावशीचा नाही येत!”

शेवंतामावशी शाळेची खिचडी रांधायची. चुलीवरच्या खिचडीच्या गंजाचं तापलेलं झाकण ती सांडशीशिवाय, नुसत्या उजव्या हाताने उचलायची आणि आम्ही टाळ्या पिटायचो. मास्तरही म्हणत, बाई लोखंडाची आहे. सर पुंजका घेऊन तडक चुलीकडे गेले, आम्ही मागे. तिला डोळे मिटायला लावून त्यांनी तिच्या उजव्या हाताच्या बोटांवरून कापूस फिरवला.

“लावा ना जी,” ती हसून म्हणाली. कापूस लावून झाला होता. बोटांवर जुने-नवे फोड होते.

“काहून सांगतलं नाही, शेवंताबाई?”

“दुखतच नव्हतं जी. सांगू काय?”

सरांचे कान लाल झाले. “बाईचा हात जळून राहिला अन् तुमी टाळ्या वाजवता! अन् मी रोज तिच्या हातची खिचडी खातो, मलेबी दिसलं नाही!”

अकोल्याच्या दवाखान्यात निदान झालं, कुष्ठरोग. गोळ्या सुरू झाल्या. आता हिच्यापासून कोणाला धोका नाही, हात जपून काम करू द्या, असं डॉक्टरांनी लिहून दिलं. शाळा समितीच्या बैठकीत तो कागद तिने स्वतः टेबलावर ठेवला. आम्ही खिडकीतून पाहत होतो. कागद कोणी उचललाच नाही. समितीत माझे बाबा होते. ते खुर्ची मागे सरकवून म्हणाले, “पोरं तिच्या हातचं खातात. उद्या काही झालं तं?”

“कागदालेबी भेता काय तुमी?” सर ओरडले. “वाचा तं खरं!”

नाहीच वाचला. शेवंतामावशीला कामावरून काढलं.

तेव्हापासून निवृत्त होईपर्यंत सर दुपारचं तिच्याच घरी जेवले. जाताना मुद्दाम आमच्या दारावरून जायचे आणि बाबा ओट्यावर दिसले की मोठ्याने सांगायचे, “शेवंताबाईच्या हातची भाकर खायाले चाललो, बरं का!” मला लाज वाटायची. राग तर फारच यायचा, बाबांचा आणि टाळ्या पिटणाऱ्या माझ्या हातांचाही.

औषध पुरं झालं, ती खडखडीत बरी झाली. उजव्या बोटांतली गेलेली जाणीव मात्र परत आली नाही.

गेल्या वर्षी अमरावतीला सर वारले. मी बाबांना घेऊन अंत्यदर्शनाला गेले होते. शेवंतामावशी एसटीने आली. वाकून तिने सरांच्या पावलांवर उजवा हात ठेवला. थोडा वेळ तशीच थांबली, मग तो काढून डावा ठेवला. “थंड पडले जी,” म्हणाली आणि हुंदके देऊ लागली. डोळे पुसत ती उठली आणि बाबांच्या शेजारी येऊन उभी राहिली. बाबा दोन पावलं मागे सरकले.

इतक्या वर्षांनी. सरांच्या देहासमोर. माझे कान तापले. भरल्या घरात मी मोठ्याने विचारलं, “बाबा, खबर पोचली नाही काय अजून?”